ड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि अधूनमधून लाईटही जाते. ती परत आली की कूलर सुरू होतो, पण जठारपेठेतल्या मामांच्या लॅपटॉपवर घरचे फोटो दिसत नाहीत. "फोटोच नाही उघडून राह्यले, पाह्य बरं," असा त्यांचा फोन येतो. फोटो असतात हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कवर. दोन्ही कॉम्प्युटरवर लिनक्स, आणि ड्राइव्ह एनएफएसने शेअर केलेला.

अशा वेळी आधी पडद्यावरचा संदेश वाचावा. 'नो रूट टू होस्ट' म्हणजे त्या पत्त्यावर कुणीच नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तिथे यंत्र आहे, पण हवी ती सेवा चालू नाही. 'टाइम्ड आउट' असेल तर बहुधा फायरवॉल आड येतेय. आणि 'परमिशन डिनाइड' ही तर चांगली बातमी: दारापर्यंत आपण पोचलो, आता फक्त आत घ्यायचं की नाही एवढंच ठरायचंय. या चारही संदेशांना एकच समजून लोक सगळं नव्याने इन्स्टॉल करतात, याचं मला वाईट वाटतं.

मामांकडे पिंगला उत्तर मिळत होतं, माउंट मात्र 'रिफ्यूज्ड'. टर्मिनलमध्ये 'आयपी नेबर' ही आज्ञा दिली, तर ज्या १९२.१६८.१.७ वर डेस्कटॉप असायचा, त्यासमोरचा मॅक पत्ता डेस्कटॉपचा नव्हताच. तो मामींच्या मोबाइलचा होता. लाईट आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले. डेस्कटॉप सुरू व्हायला वेळ घेतो. तोवर मोबाइलने सात क्रमांक घेतला आणि डेस्कटॉपच्या वाट्याला अकरा आला. लॅपटॉप बिचारा मोबाइलकडे फोटो मागत बसला होता.

त्यातच फाइल मॅनेजरही गोठला होता. एनएफएसचा माउंट मुळातच 'हार्ड' असतो. सर्व्हर परत येईपर्यंत तो वाट पाहत राहतो, कारण अर्धवट लिहिलेली फाइल वाऱ्यावर सोडायची नाही. मला हे धोरण योग्यच वाटतं. 'यूमाउंट'ला 'एल' पर्याय देऊन तो सोडवला, राउटरमध्ये डेस्कटॉपच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवला आणि एफएसटॅबच्या ओळीत 'नोफेल' घातलं, म्हणजे डेस्कटॉप बंद असला तरी लॅपटॉप सुरू व्हायला अडत नाही.

अमरावतीला आमच्या घरी दुखणं वेगळं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हा ताईच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स टाकलं. घरच्या सर्व्हरवरचा ड्राइव्ह लागला, फोटोही दिसले, पण नवीन काही ठेवू देईना. कारण सापडलं 'एलएस'ला 'एन' जोडून पाहिल्यावर: सर्व्हरवर ताईचा वापरकर्ता क्रमांक १००० आणि लॅपटॉपवर १००१, कारण तिथे पहिलं खातं भाच्याचं उघडलं होतं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणलं ते एकाच संस्थेतल्या यंत्रांसाठी, जिथे प्रत्येकाचा क्रमांक सगळीकडे एकच ठेवला जाई. त्याच्या नेहमीच्या मांडणीत आजही क्रमांकच जातो, नाव नाही. ड्राइव्ह शेअर करायची दुसरी सोय म्हणजे सांबा, तिचं तसं नाही. सांबा नाव आणि स्वतःचा वेगळा पासवर्ड विचारतं, आणि 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने तो नोंदवायचा राहिला की लोक तिथे अडतात.

फाइल ठेवता येत नाही म्हटलं की जो तो सांगतो, 'परवानगी ७७७ करून टाक'. करू नका. त्याने कुणालाही काहीही पुसता येतं, आणि खरं कारण दडून राहतं. दोन्हीकडे क्रमांक एकच करा, किंवा एक्सपोर्ट्सच्या फाइलमध्ये 'ऑल स्क्वॉश' घालून सगळ्यांना एका क्रमांकावर आणा; मग 'एक्सपोर्टएफएस'ला 'आरए' जोडून चालवा.

राहिला लाईट गेल्यावर पत्ते बदलण्याचा प्रश्न. आपल्याकडे इन्व्हर्टर अनेक घरांत असतो, पण त्यावर असतात पंखे आणि दिवे. राउटरला दहा-बारा वॉट पुरतात. त्याची पिन आजच इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा.