भीती जाते ती सरावाने, वेगाने नव्हे

शिकाऊ परवान्याचे दिवस संपले, आरटीओच्या मैदानावर पाय न टेकवता आठचा आकडा काढला, पक्का परवानाही हातात आला. तरीही भर चौकात मोटरसायकल बंद पडली आणि मागून हॉर्न वाजू लागले की अनेक नवख्या चालकांचे हात कापू लागतात. 'चालवत राहा, भीती आपोआप जाईल' हा सल्ला मग घरोघरी मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनॅलिन स्रवते. ठोके वाढतात, स्नायू आवळतात. मोटरसायकलवर याचा परिणाम लगेच दिसतो. मूठ घट्ट होते, क्लच झटक्यात सुटतो, गाडी पुन्हा बंद पडते. खांदे आणि कोपरे ताठ झाली की हँडलही नीट वळत नाही. अमेरिकेतील यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, काम जितके अवघड तितका जास्तीचा ताण लवकर मारक ठरतो, असे दिसले होते. क्लच, गिअर, ब्रेक, तोल आणि रहदारी एकाच वेळी सांभाळणे हे नवख्यासाठी अवघडच काम. म्हणून ते सुटे सुटे करून शिकावे.

सुरुवात मोकळ्या मैदानात करावी. क्लच नेमका कुठे पकडतो ते हाताला कळेपर्यंत गाडी थोडी पुढे नेऊन थांबवावी. मग पहिल्या गिअरमध्ये सावकाश सरळ रेषेत चालवावी, नंतर वळणे घ्यावीत. गुडघे टाकीला टेकलेले, कोपरे सैल आणि नजर पुढे असावी. डोळे ज्या दिशेला, गाडीही त्याच दिशेला ओढली जाते. खड्ड्याकडेच बघत राहिले तर चाक खड्ड्यातच जाते, म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघावे.

खरा आत्मविश्वास येतो तो थांबता आल्यावर. 'पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते' या धास्तीने बरेच जण फक्त मागचा ब्रेक वापरतात. प्रत्यक्षात ब्रेक लावताच वजन पुढे सरकते, पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि गाडी थांबवण्याचे बरेचसे काम तेच करते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत लावावेत. धोका असतो तो पुढचा ब्रेक वळणावर किंवा वाळूवर अचानक करकचून दाबण्यात. एप्रिल २०१९ पासून देशात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालच्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था बंधनकारक करण्यात आली. तिची मदत होते, पण सरावाची जागा ती घेत नाही.

वेगाचे गणितही लक्षात ठेवावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर प्रतिसादाला एक सेकंद धरला, तर ताशी ३० किलोमीटरला साधारण १४ मीटर लागतात, ६० ला सुमारे ४०. पावसात, विशेषतः पहिल्या सरीत आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर, हे अंतर आणखी वाढते.

सराव किती करावा? ब्रिटनच्या टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना केलेला एक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकच तास सराव करणारे, रोज चार तास करणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत शिकले. गंमत म्हणजे आपल्या प्रगतीबद्दल सर्वांत असमाधानी तेच होते. 'जमतंय' असे वाटणे आणि खरोखर जमणे यांत असा फरक असतो. मोटरसायकललाही हे लागू पडते. रविवारी चार तास घालवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा.

उलट टोकही तितकेच घातक. पहिले काही महिने सुखरूप गेले की हात सैलावतात आणि वेग वाढतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण दगावले. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले आहे. मात्र ते आयएसआय खुणेचे आणि पट्टा लावलेले असावे.

पुढची पायरी कधी चढावी, याची कसोटी सोपी आहे. मैदानात खडूने रेषा आखावी आणि ताशी ३० च्या वेगाने येऊन तिच्या अलीकडे, तोल न जाता थांबून पाहावे. दहापैकी दहा वेळा जमले, तर शांत रस्ता, मग रहदारी. मागे कुणाला बसवणे, रात्र आणि पाऊस सर्वांत शेवटी. एकदाही चुकले, तर उद्या पुन्हा मैदान.