आधी बघा, मग बोलू

‘पथेर पांचाली’मध्ये हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी परततो. वादळ-पावसानं घराची पडझड झालेली असते. त्याला त्याचीच काळजी. मुलगी गेल्याचं त्याला ठाऊक नाही. तो बायकोपुढे एकेक वस्तू काढून ठेवतो आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी दाखवतो. सर्वजया साडी हातात घेते, तोंडाशी धरते आणि कोसळते. वर्गात हा प्रसंग इथंच थांबवावा आणि मुलांना विचारावं, काय ऐकलंत? आईचा हंबरडा, असं कुणी ना कुणी सांगतंच. मग तेवढाच तुकडा पुन्हा लावायचा. तिचं रडणं दिसतं, पण ऐकू येत नाही. तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाईचे चढे सूर आहेत.

हेच वाक्य शिक्षकानं आधी सांगून टाकलं असतं, तर ते मुलांच्या वहीत उतरलं असतं आणि परीक्षेपुरतं उरलं असतं. स्वतःच्या कानानं चूक पकडलेला विद्यार्थी मात्र पुढचे प्रश्न आपणच विचारू लागतो. दिग्दर्शकानं आवाज का काढला? संगीत कुठून सुरू होतं? बापाला कळतं त्या क्षणी कॅमेरा कुणावर आहे? शिक्षण इथून सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे.

या पद्धतीचा आपल्याकडचा मोठा वारसा पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथं 1963 मध्ये प्रा. सतीश बहादूर चित्रपट रसास्वाद शिकवायला आले. ते मूळचे अर्थशास्त्राचे शिक्षक, आग्र्यात फिल्म सोसायटीच्या चळवळीत रमलेले. चित्रपट हीसुद्धा एक संहिता आहे आणि ती ओळीओळीनं वाचता येते, असं ते मानत. ‘पथेर पांचाली’ त्यांनी वर्षानुवर्षं शिकवला. एकेक शॉट, एकेक कट, एकेक आवाज. त्यांना त्यात पुन्हापुन्हा नवं सापडत असे, आणि विद्यार्थ्यांनाही.

विद्यार्थिकेंद्री शिक्षण म्हटलं की शिक्षकानं बाजूला बसायचं आणि मुलांना गटचर्चेला सोडून द्यायचं, असा सोयीचा अर्थ हल्ली लावला जातो. तो मला मान्य नाही. फिल्म नेमकी कुठं थांबवायची, कोणता तुकडा दोनदा दाखवायचा, कुठं तोंड मिटून बसायचं, हे ठरवायला शिक्षकाला ती कलाकृती अक्षरशः पाठ असावी लागते. व्याख्यान एकदा तयार केलं की दहा वर्षं चालतं. प्रश्न मात्र समोरच्या वर्गाकडे बघूनच विचारावा लागतो.

त्याच संस्थेत साठच्या दशकात ऋत्विक घटकही काही काळ उपप्राचार्य होते. त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली तासन् तास चालणाऱ्या त्यांच्या गप्पांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. मणी कौल, कुमार शाहनी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. तिघांचे चित्रपट शेजारी ठेवून पाहा. एकाचा दुसऱ्यासारखा नाही, आणि घटकांसारखा तर एकाचाही नाही. शिक्षकाची यापेक्षा चांगली पावती मला माहीत नाही.

बहादूरांनी रसास्वाद इन्स्टिट्यूटच्या भिंतींबाहेरही नेला. 1964 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि तिथले पी. के. नायर यांची त्यांना साथ होती. सत्तरच्या दशकापासून पुण्यात उन्हाळी रसास्वाद वर्ग भरू लागले आणि त्यांत शिक्षक, पत्रकार, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते येऊन बसू लागले. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’नं असे वर्ग भरवले, 16 मिलिमीटरच्या प्रिंट गावात नेल्या आणि ‘बायसिकल थीव्ज’, ‘राशोमोन’सारखे चित्रपट कानडी खेड्यातल्या माणसांनी पाहिले. जगातले थोर चित्रपट साध्या माणसाला कळतात, फक्त त्याला आपण काय पाहिलं ते बोलू द्यावं लागतं, या विश्वासावर हे सारं चाललं होतं.

आज आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या माध्यम विभागांत चित्र काय आहे? बातमीची व्याख्या, तिचे घटक, जनसंवादाची प्रारूपं, सगळं नोट्समध्ये आहे. समोर बसलेली मुलगी मात्र वर्गात येईपर्यंत फोनवर पन्नास रील पाहून आलेली असते. बहादूरांना प्रिंट मिळवावी लागे, प्रोजेक्टर लावावा लागे, रीळ मागं घ्यावं लागे. तिच्या हातात मागं-पुढं करायची, थांबवायची, आवाज बंद करायची सोय आयती आहे. त्याच फोनवर कालच्या बातमीपत्रातली दोन मिनिटं आवाज बंद करून दाखवा आणि तिला विचारा, नुसत्या चित्रांतून काय कळलं? मग आवाज लावा. पार्श्वसंगीत कुठं आलं, कुणाला बोलू दिलं, कुणाचा फक्त चेहरा दाखवला, हे ती स्वतः सांगेल. जिच्यापुढे दिवसभर पडदे हलत असतात, तिला याहून उपयोगाचं दुसरं काही शिकवता येईल असं मला वाटत नाही.

अडचण खरी आहे ती परीक्षेची. मुलं काय वाचतात हे शेवटी प्रश्नपत्रिकाच ठरवते, आणि प्रश्नपत्रिका व्याख्या विचारते. म्हणून अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापकांना एकच विनंती आहे. येत्या सत्रात निदान एका पेपरात, मुलांनी पूर्वी न पाहिलेला तीन मिनिटांचा तुकडा परीक्षेच्या वर्गात दोनदा दाखवा, त्यावर वीस गुणांचा प्रश्न ठेवा, आणि त्याचं आदर्श उत्तर छापू नका.