दोन कागदांवरचा एक सांगाडा

श्रोतेहो, भुताच्या गोष्टीला रात्र लागते. पण आजचं जपानी चित्र भर दुपारी पाहिलं तरी मनुष्य चपापतो. १८४४च्या सुमारास उतागावा कुनियोशी या चित्रकारानं ते केलं.

एक पडका वाडा. डावीकडे राजकन्या हातातल्या गुंडाळीवरून मंत्र वाचते आहे. मधे माणसांची झटापट चालली आहे. आणि उजवीकडून, बांबूच्या काड्यांचा पडदा फाडून, काळोखातून एक प्रचंड सांगाडा आत डोकावतो आहे!

राजकन्येचं नाव ताकियाशा. तिचा बाप मासाकादो हा इतिहासातला पुरुष. ९३९ साली त्यानं पूर्वेकडच्या प्रांतांत बंड केलं, स्वतःला नवा सम्राट म्हणवलं आणि ९४० साली तो लढाईत पडला. पुढची हकीकत दंतकथेची. बापाच्या ओसाड वाड्यात मुलगी पुन्हा बंड उभारू पाहते. मित्सुकुनी नावाचा योद्धा शोध घेत येतो, तेव्हा ती मंत्राच्या बळावर त्याच्यावर सांगाडे सोडते.

होय, सांगाडे. सान्तो क्योदेन या लेखकाच्या १८०६च्या कादंबरीत ते पुष्कळ आहेत. कुनियोशीनं त्या सगळ्यांचा एकच केला. पुष्कळ काढले असते तर नुसती गर्दी झाली असती. हा एकटा पाहिला, की हरलेला बापच लेकीच्या हाकेला उठून आला असं वाटतं. निदान मला तरी वाटतं.

शिक्षकमित्रांनो, हे चित्र रंगवलेलं नाही, छापलेलं आहे, हे मुलांना जरूर सांगा. चित्रकार पातळ कागदावर रेघा काढून देई. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवी आणि रेघा तेवढ्या ठेवून भोवतालचं लाकूड खोदून काढी. पालथा अशासाठी, की छाप सुलटा उमटावा. मग निरनिराळ्या रंगांसाठी निरनिराळ्या फळ्या. फळीवर कागद टेकवायची खूण कोरलेली असे. ती चुकली की ओठांचा लाल रंग गेलाच गालावर! फळीला रंग लावायचा, वर ओलसर कागद ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चकती घासायची. छापयंत्र नाहीच.

हे चित्र तीन कागदांचं आहे. प्रत्येक कागद सुमारे ३७ सेंटिमीटर उंच नि २५ रुंद, आणि प्रत्येकाच्या फळ्या वेगळ्या. अशा जोडचित्रांत बहुधा दर कागदावर एकेक पात्र बसवीत, म्हणजे सुटा कागदही भिंतीवर शोभे. कुनियोशीनं सांगाडा दोन कागदांवर पसरला. सुटा घ्याल तर अर्धंच भूत घरी न्याल!

आणि तो बंडखोर बाप? तोक्योच्या कांदा देवस्थानात लोक त्याला देव म्हणून पूजीत आले. सम्राटाचा शत्रू म्हणून १८७४ साली त्याला तिथल्या मुख्य देवांतून काढलं. १९८४ साली पुन्हा बसवलं.