भूशास्त्रीय शोधनिबंधांचे संपादन व स्थलनिर्देशाचा प्रश्न : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील संशोधन क्षेत्रकार्य व खडकांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण एवढ्यावर संपत नाही. शोधनिबंधाचे चिकित्सक संपादन हाही त्याचाच अविभाज्य भाग होय. गोंदिया जिल्ह्याच्या अभ्यासात ही बाब विशेषत्वाने प्रत्ययास येते.

शैलसमूहांना स्थलनामे देण्याची भूशास्त्रात परंपरा आहे. त्यानुसार या जिल्ह्यातील आमगावचे नाव तेथील अतिप्राचीन पट्टिताश्मांना मिळाले. खडक जागचे हलले नाहीत. त्यांचा प्रशासकीय पत्ता मात्र बदलत गेला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमगाव मध्य प्रदेशात होते, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. साहजिकच तत्पूर्वीच्या निबंधांत हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात नोंदलेला असतो. केवळ ‘गोंदिया’ या नावाने संदर्भ शोधणारा अभ्यासक त्या संशोधनास मुकतो आणि झालेलेच काम नवे म्हणून मांडले जाण्याचा धोका संभवतो.

यास्तव संपादकाने नमुनास्थळाचे अक्षांश-रेखांश, नकाशापत्रकाचा क्रमांक (आमगावसाठी ६४ सी) आणि जुन्या-नव्या जिल्ह्यांची नोंद लेखकाकडून आग्रहाने घ्यावी. ‘आमगाव’ हे नाव गट या अर्थी योजले की संकुल या अर्थी, हेही स्पष्ट करून घ्यावे. मात्र जुन्या निबंधांतील अवतरणांत फेरफार करू नये. स्थलनिर्देश अचूक असेल, तरच दुसऱ्या संशोधकास त्याच खडकापाशी जाऊन निष्कर्ष पडताळून पाहता येतो.