तलावाच्या दुरुस्तीआधी तपासणीला पैसे ठेवा

१९७२ च्या दुष्काळात मजुरांच्या हाताला काम म्हणून ठिकठिकाणी मातीचे तलाव झाले. त्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. बांधले पाझरासाठी, पण पुढे खाली विहीर खोदली, नळयोजना आली आणि कित्येक गावांचे पिण्याचे पाणी त्यांच्यावरच येऊन ठेपले. अशा तलावाला गळती लागली की ग्रामसभेत कोणीतरी म्हणतोच, "पिचिंग करून टाका, मिटलं!" ठराव होतो, अंदाजपत्रक होते, दगड बसतो. गळती मात्र तशीच राहते.

याचे कारण साधे आहे. पिचिंगचा दगड लाटांनी माती धुपू नये म्हणून असतो. पाणी अडवतो तो बांधाच्या पोटातला काळ्या मातीचा गाभा. पाणी वाट काढते ते बहुधा पाणी सोडण्याच्या नळाच्या कडेने, पायातून, नाहीतर सांडव्याची भिंत मातीला मिळते तिथून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हाही बांध खचला तो नळापाशीच. याहून वाईट म्हणजे बाहेरच्या अंगाला पाणी दिसते तिथे सिमेंट थापणे. तोंड बंद झाले की दाब आत वाढतो आणि पाणी दुसरीकडून माती घेऊन निघते. तिथे वाळू-खडीचा गाळणथर लागतो. पाणी जाऊ द्यायचे, माती जाऊ द्यायची नाही.

म्हणून आधी निदान हवे. तलाव जिल्हा परिषदेचा की मृद व जलसंधारण विभागाचा, हे पाहून त्या कार्यालयाकडे लेखी मागणी करावी आणि मातीच्या धरणांचा अनुभव असलेला सल्लागार अभियंता नेमायला लावावा. रस्ते-इमारतीवाला चालणार नाही. निविदा दोन लिफाफ्यांत घ्यावी. आधी अनुभवाचा आणि माणसांचा लिफाफा उघडायचा, दराचा नंतर. नुसता कमी दर पाहिला तर कागदी अहवाल मिळतो. फी कामाच्या खर्चाच्या टक्केवारीत ठरवू नये, कारण मग अंदाजपत्रक फुगवण्यात त्याचाच फायदा. आणि जो निदान करील त्याला दुरुस्तीचा ठेका नाही, हे करारात स्पष्ट लिहावे.

सल्लागाराने किमान दोनदा आले पाहिजे. तलाव भरलेला असताना, ऑक्टोबरच्या सुमारास, गळती दिसते. नळाचे तोंड आणि आतला उतार दिसतो तो मे महिन्यात. एकाच फेरीवरचा अहवाल स्वीकारू नये. बोअर घेऊन मातीचे नमुने, गाळाचे मोजमाप, सांडवा आजच्या पुराला पुरतो का याचा हिशोब आणि काम चालू असताना गावाला पाणी कुठून द्यायचे, एवढे अहवालात असलेच पाहिजे. शेवटचा मुद्दा हमखास विसरतात आणि मग ऐन उन्हाळ्यात टँकरची धावपळ होते.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींसह १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी त्यात सक्तीची आहे. गावचे बरेच तलाव याहून लहान, म्हणजे कायद्याबाहेर. पण खाली वस्ती असेल तर पाणी उंची विचारत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

सल्लागार येईपर्यंत ग्रामपंचायतीला एक काम बिनखर्चाचे आहे. गळतीचे पाणी एका चरात आणून दर आठवड्याला बादली किती सेकंदांत भरते ते तलावातल्या पातळीसह वहीत लिहावे. पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली किंवा पाणी गढूळ आले, तर त्याच दिवशी शाखा अभियंत्याला आणि तहसीलदारांना कळवावे. बांधावरची बाभळीची झुडपे कोवळी असतानाच काढावीत. मोठी झाडे मात्र मुळासकट उपटू नयेत, मुळांच्या पोकळीतूनच पाणी वाट धरते. त्यांचे काय करायचे ते सल्लागाराला विचारावे.