वीस पंप

"दिवसाचे वीस पंप होतात," घाटंजी रस्त्यावरच्या शेतात फवारणी करणारा मजूर सांगतो. पंप पंधरा लिटरचा. म्हणजे तीनशे लिटर फवारा एका माणसाच्या पाठीवरून पराटीवर, म्हणजे कपाशीवर, जातो.

बादलीत पाणी, त्यात झाकणानं मोजून औषध, तुराटीनं ढवळायचं, पंपात ओतायचं. यवतमाळात कीटकनाशकाला औषधच म्हणतात. बाटली उघडली की लसणासारखा उग्र वास येतो, आणि तो अंघोळीनंतरही नखांतून जात नाही. पंप हिंदकळला की झाकणातून थेंब झिरपतात. मजुराच्या सदऱ्यावर, उजव्या खांद्याच्या मागं, हाताच्या पंजाएवढा ओला डाग आहे. खाली कातडी आहे, आणि कातडी हे औषध शोषून घेते.

२०१७ च्या पावसाळ्यात पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा उलटून तोंडावर येत होता. जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, असा दोष त्यांनाच दिला गेला. ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंधरा लिटर घेऊन, तोंड बांधून दिवसभर चालणं काय असतं, हे बोलणाऱ्यांनी एकदा करून पाहायला हवं होतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली विषं. मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं कोलिनएस्टरेज नावाचं विकर ती जखडून ठेवतात. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, टाचणीएवढी बाहुली, अडकलेला श्वास. यकृत विष फोडायला धावतं खरं, पण क्लोरपायरिफॉससारख्या विषाला यकृतातलीच विकरं आधी अधिक जहाल करतात आणि नंतर मोडतात. तांबड्या पेशींतलं जखडलेलं विकर नव्या पेशी तयार होतील तसं भरून येतं, दिवसाला साधारण एक टक्का. आणि उद्या पुन्हा वीस पंप.

अळीचं उलटं आहे. अमेरिकन बोंडअळीत विष मोडणारी एस्टरेज आणि सायटोक्रोम पी-४५० ही विकरं ज्यांच्यात जास्त, त्या वाचतात. त्यांची पुढची पिढी महिन्याभरात शेतात असते. औषध लागू पडेना, की शेतकरी झाकणाचं माप वाढवतो. अळीचं विकर वाढत जातं, मजुराचं घटत जातं.

उन्हं कलली तेव्हा अठरावा पंप भरला जात होता. सदऱ्यावरचा डाग कमरेपर्यंत उतरला होता.

"दोनच राहिले," तो म्हणाला.