तरुण स्त्रियांतील स्तनाचा कर्करोग आणि निदानापूर्वीचा काळ

स्तनाच्या कर्करोगाचे निदान लवकर झाल्यास तो बरा होण्याचा संभव पुष्कळ वाढतो, हे विधान आता सर्वपरिचित झाले आहे. मात्र यातील ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ सर्व वयांच्या स्त्रियांच्या बाबतीत एकच असतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. साठीच्या स्त्रीच्या बाबतीत लवकर निदान म्हणजे गाठ हाताला लागण्यापूर्वीच ती क्ष-किरणांच्या साहाय्याने हुडकून काढणे, असा अर्थ करता येतो. तिशी-पस्तिशीच्या स्त्रीच्या बाबतीत तो लागू पडत नाही. तिच्यासाठी ‘लवकर’चा खरा अर्थ गाठ प्रथम जाणवल्यापासून निश्चित निदान होईपर्यंतचा काळ कमी करणे हाच होय. असे का म्हणावे लागते, हे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम एका गैरसमजाचा विचार करू. ‘आपल्याकडे हा रोग आता तरुण स्त्रियांनाच अधिक होऊ लागला आहे’ असे वारंवार ऐकू येते. आपल्याकडील स्त्रियांत निदानसमयीचे मध्यक वय पन्नाशीच्या आसपास असते आणि पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असते, हे खरे आहे. परंतु यावरून आपल्या तरुण स्त्रियांना धोका अधिक, असा निष्कर्ष काढणे म्हणजे प्रमाण आणि दर यांची गल्लत करणे होय. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन शहरांत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत दर लाखास ४०, आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत दर लाखास १०० असा रोगाचा दर सारखाच आहे असे मानू. पहिल्या शहरात पहिल्या गटाच्या ३ लाख व दुसऱ्या गटाच्या दीड लाख स्त्रिया आहेत; तेथे वर्षाकाठी अनुक्रमे १२० व १५० रुग्ण आढळतील, म्हणजे १०० रुग्णांत सुमारे ४४ तरुण. दुसऱ्या शहरात याच गटांच्या २ लाख व ४ लाख स्त्रिया असतील, तर रुग्ण ८० व ४०० होतील, म्हणजे तरुणांचे प्रमाण सहांत एक. दर तोच असूनही पहिल्या शहरातील रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरास रोग ‘तरुणांचा’ वाटेल. भारताची लोकसंख्या पहिल्या शहरासारखी आहे. वस्तुतः आपल्याकडील तरुण स्त्रियांतील दर पाश्चात्त्य देशांतील समवयस्क स्त्रियांपेक्षा अधिक नाही.

हे आपण सांगू शकतो ते नोंदणीच्या कामामुळे. मुंबईची लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३-६४ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुढे पुणे, औरंगाबाद व १९८० च्या सुमारास नागपूर येथे तिचा विस्तार झाला; १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण भागातही नोंदणी होऊ लागली. रुग्णालयाच्या दारात येणाऱ्यांची मोजदाद निराळी आणि एका ठराविक वस्तीतील प्रत्येक नव्या रुग्णाची मोजदाद निराळी. दुसऱ्या प्रकारच्या मोजदादीखेरीज दर काढता येत नाही. नागपुरात स्त्रियांच्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग अग्रभागी आहे, हे तिच्यावरूनच दिसते.

दर अधिक नसला तरी आकडा मोठा आहे, आणि प्रत्येक आकड्यामागे बहुधा लहान मुलांची आई आहे. तेव्हा या वयासाठी तपासणीची कोणती रीत उपयोगी पडेल?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे क्ष-किरण छायाचित्र. तरुण स्त्रीच्या स्तनात ग्रंथींचा व तंतूंचा भाग दाट असतो. छायाचित्रात तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे गाठ त्यात लपून जाते. शिवाय या वयातील कर्करोग पुष्कळदा वेगाने वाढणारे असतात. एका तपासणीत काही न आढळलेल्या स्त्रीस पुढील तपासणीपूर्वीच गाठ जाणवू शकते.

स्वतः ठरीव पद्धतीने दरमहा स्तन तपासण्याची शिकवण हा दुसरा उपाय. शांघायच्या कापडगिरण्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांवर १९८९ ते १९९१ या काळात याचा मोठा प्रयोग सुरू झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिकवलेल्या व न शिकवलेल्या गटांतील मृत्युसंख्येत फरक पडला नाही. शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठी मात्र अधिक निघाल्या.

तिसरा उपाय म्हणजे प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली तपासणी. याबाबतचा सर्वांत मोलाचा पुरावा आपल्याच राज्यातील आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. वीस वस्त्यांची यादृच्छिक विभागणी करून एका गटात दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. एकूण मृत्युदरातील १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. मागाहून वयोगटवार पृथक्करण केले तेव्हा पन्नाशीच्या पुढे जवळजवळ ३० टक्के घट दिसली. पन्नाशीच्या आत उल्लेखनीय घट दिसली नाही. असे मागाहूनचे पृथक्करण सावधपणे वाचावे लागते, हे विद्यार्थ्यांना सांगावयास नको. तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या कार्यपद्धतीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सुचविली आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्क्याहूनही कमी स्त्रियांनी स्तनतपासणी कधी करून घेतल्याचे आढळले.

मग तरुण स्त्रीच्या हाती उरते काय? उरतो तो निदानापूर्वीचा काळ. लक्षण जाणवल्यापासून तीन महिने वा अधिक विलंब झालेल्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८७ अभ्यासांवर आधारलेल्या समीक्षेत दिसून आले. येथे कुठलेही यंत्र लागत नाही. महिना-दीड महिना वाचविणे एवढेच लागते, आणि तेच कठीण आहे.

हा काळ कशात जातो? सर्वप्रथम, गाठ दुखत नाही. दुखणे म्हणजे रोग अशी आपली समजूत. न दुखणारी गाठ घरातल्या कामाआड सहज ढकलली जाते. पेरणी उरकू द्या, धाकट्या नणंदेचे लग्न होऊ द्या, मुलाची परीक्षा संपू द्या. दुसरे कारण ‘दुधाची गाठ’. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या स्तनात गाठ आली की घरातील वडीलधारी बाई तिला हेच नाव देते, आणि दहांत बहुतेक वेळा ती बरोबरही असते. म्हणूनच ही चूक घातक ठरते. दूध काढून, शेक देऊन, उपचार घेऊन एक-दोन आठवड्यांत गाठ विरली नाही तर तिला दुधाची म्हणणे सोडले पाहिजे. तिसरे, स्तन कापून टाकतील ही भीती. इटली व अमेरिका येथील प्रयोगांच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी २००२ मध्ये दाखवून दिले की योग्य रुग्णांत गाठीपुरती शस्त्रक्रिया व नंतर किरणोपचार यांनी जगण्याच्या प्रमाणात उणेपणा येत नाही. गाठ लहान असतानाच हा पर्याय अधिक सुलभ असतो, हे मात्र भीतीपोटी थांबलेल्या स्त्रीला कोणी सांगत नाही.

विलंबाचा दोष केवळ स्त्रीकडे नाही. पंचविशीतील मुलीची गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते, हे डॉक्टर जाणतो. म्हणून हाताने चाचपून तो तिला निर्धास्त करतो. निर्धास्त करणे चूक नाही, पुराव्याशिवाय करणे चूक आहे. हाताने तपासणी, या वयात सोनोग्राफी, आणि शंका उरल्यास सुईने काढलेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा, या तिन्हींचा निष्कर्ष जुळला तरच प्रकरण मिटले असे म्हणावे. स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, त्वचेला पडलेली खळी, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा काखेतील गाठ असल्यास थांबण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कुलवृत्तांताविषयी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. आई, बहीण, मावशी यांच्या आजाराविषयी विचारले जाते, आत्याविषयी क्वचित. १९९४ व १९९५ मध्ये शोध लागलेल्या दोन जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितक्याच संभवाने उतरतो. लग्न होऊन बालाघाटला वा छिंदवाड्याला गेलेल्या आत्याचा आजार भाचीच्या कानावरही येत नाही, आणि आला तरी ‘पोटाचा काहीतरी’ एवढाच येतो. वास्तविक तो अंडाशयाचा कर्करोग असू शकतो, आणि तोही याच जनुकांशी निगडित आहे. असा दोष सिद्ध झालेल्या स्त्रियांसाठी मात्र नियम निराळा आहे: त्यांची एम.आर.आय.सह नियमित तपासणी विशी-तिशीतच सुरू करावी लागते.

नागपुरात विदर्भाबरोबरच मध्य प्रदेशाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, किंवा १९६८ मध्ये कर्करोगानेच निधन पावलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणारे रुग्णालय असो, केसपेपरवर गाठीचा आकार व अवस्था लिहिली जाते. गाठ प्रथम केव्हा जाणवली, पहिल्यांदा कोणाला सांगितले, पहिल्या डॉक्टरकडे केव्हा गेली, सुईची तपासणी केव्हा झाली, या चार तारखा त्याच कागदावर नोंदविल्या तर कोणता विलंब घरातला व कोणता दवाखान्यातला हे वेगळे काढता येईल. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून निकडीचा विषय शोधावा लागू नये. तारीख विचारल्यास रुग्ण ‘बरेच दिवस झाले’ म्हणते. पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीला माहेरी गेली तेव्हा गाठ होती काय, असे विचारल्यास ती थोडा वेळ आठवते आणि बहुधा नेमके सांगते.